मॅन्युअल गिअरच्या जुन्या गाडीतील बॅकफायर: मूळ कारण कसे शोधावे

एक्सलरेटरवरून पाय उचलताच सायलेन्सरमधून ‘फट्-फट्’ आवाज येऊ लागतात, चढावर गाडी अडखळते आणि मागून एखादा जोरदार फटका ऐकू येतो, किंवा सकाळी स्टार्टर मारताना एकदम धडाका होतो. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या या नेहमीच्या तक्रारी आहेत. तिन्हींना आपण सरसकट ‘बॅकफायर’ म्हणतो आणि लगेच कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायला घेतो. वास्तविक या तिन्ही आवाजांची कारणे वेगवेगळी असू शकतात आणि कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू हा तपासणीतला बराच पुढचा टप्पा आहे. आवाज नेमका कोणत्या क्षणी येतो हे नीट टिपले, तर अर्धे निदान गाडीला पाना न लावताच होते. ज्यांनी नुकतीच जुनी गाडी हाताळायला सुरुवात केली आहे आणि ज्यांना प्लग काढण्याइतपत काम येते, त्यांच्यासाठी ही तपासणीची पद्धत क्रमाने मांडली आहे. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो, म्हणून पुढील सर्व विवेचन पेट्रोल इंजिनापुरतेच आहे.

सायलेन्सरमध्ये स्फोट का होतो

एग्झॉस्टच्या पाइपात स्फोट व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: न जळलेले पेट्रोल, ते जाळण्यापुरती हवा आणि पेटवणारी उष्णता. चालत्या इंजिनाच्या एग्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सर्व सिलिंडरांचा धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागात) उष्णता कायमच असते, शिवाय शेजारच्या सिलिंडरमधून बाहेर पडणारी ज्वाळाही असते. त्यामुळे आपल्याला शोध घ्यायचा तो उरलेल्या दोन गोष्टींचा, म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर का आले आणि त्याला हवा कुठून मिळाली, याचा.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण लागते. मिश्रण यापेक्षा फारच पातळ किंवा फारच दाट झाले, की स्पार्क पडूनही ते पेट घेत नाही आणि जसेच्या तसे बाहेर ढकलले जाते. स्पार्क पडलाच नाही तरी तेच होते. या दोन्ही प्रसंगी सिलिंडरमधून पेट्रोल आणि हवा एकत्रच बाहेर येतात, म्हणजे स्फोटाची सामग्री तयारच असते आणि पाइपला कुठेही भोक असण्याची गरज नसते. स्पार्क फार उशिरा पडला, तर मिश्रण पेटते खरे, पण ते जळत असतानाच एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि उरलेले जळण मॅनिफोल्डमध्ये होते. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर कम्प्रेशनच्या वेळीच मिश्रण पाइपात निसटते.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते. गिअर पडलेला असताना एक्सलरेटर सोडला, की क्लचमधून चाके आणि इंजिन थेट जोडलेली राहतात आणि चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी पाकळी) बंद, इंजिनाचा वेग मात्र जास्त, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची पोकळी, एकदम वाढतो. मॅनिफोल्डच्या भिंतींवर पेट्रोलचा जो ओला थर असतो, तो या व्हॅक्यूममुळे झपाट्याने वाफ होऊन आत ओढला जातो आणि आयडल सर्किटमधूनही (पाय सोडलेला असताना इंजिन चालू ठेवणाऱ्या कार्बोरेटरमधील वाटेतूनही) पेट्रोल येतच राहते. सिलिंडरमध्ये मात्र ताजी हवा फार थोडी आणि जुना जळका वायू जास्त, म्हणून हे मिश्रण धड जळत नाही. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर असल्यामुळे हा परिणाम सौम्य असतो. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडल्यावर जुन्या कार्बोरेटरच्या गाडीने दोन-तीन हलके फटके दिले, तर त्यात लगेच घाबरण्यासारखे काही नाही. मात्र पूर्वी येत नव्हते ते आता येऊ लागले किंवा पूर्वीपेक्षा मोठे होऊ लागले, तर काहीतरी बिघडले आहे असे नक्की समजावे.

हात लावण्यापूर्वी

गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना उटी (अडवणारा दगड किंवा ठोकळा) लावावी. गिअरमध्ये असलेली गाडी स्टार्टर फिरताच पुढे उडी मारते, आणि तपासणी करणारा माणूस बहुधा तिच्या पुढ्यातच उभा असतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि मिसिंग करणाऱ्या (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणाऱ्या) इंजिनाच्या धुरात तो अधिक असू शकतो. प्लगकडे जाणाऱ्या हाय टेन्शन वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून चालू इंजिनाच्या त्या वायरी उघड्या हाताने धरू नयेत, आणि ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी ही तपासणी दुसऱ्याकडून करून घ्यावी. पेट्रोलच्या आगीवर चालणारे अग्निशामक जवळ असावे. गाडीखाली जायचे असेल, तर केवळ जॅकवर विसंबू नये, पक्के स्टँड लावावेत.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. काही जण धडाका ऐकण्याच्या हौसेने चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करून पुन्हा चालू करतात. त्या क्षणात इंजिन न जळलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये भरते आणि स्पार्क परत येताच ते सगळे एकदम पेटते. यात सायलेन्सरची शिवण उसवते, आणि चावी थोडी जास्त फिरली तर स्टेअरिंगला कुलूप लागून जिवावर बेतू शकते. निदानासाठीसुद्धा हा प्रकार करू नये.

आवाज नक्की कुठला आहे

फटका सायलेन्सरमधून येतो की कार्बोरेटरमधून, हे सर्वांत आधी ठरवावे. कार्बोरेटरच्या तोंडातून येणारा आवाज बॉनेटखालून, खोकल्यासारखा येतो आणि कधी कधी एअर फिल्टरच्या डब्यावर काजळीचा डाग ठेवून जातो. त्याची कारणे बहुधा फार पातळ मिश्रण, नीट न बसणारा इनटेक व्हॉल्व्ह, अदलाबदल झालेल्या प्लग वायरी किंवा चुकलेले टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) अशी असतात. हा लेख प्रामुख्याने मागून येणाऱ्या आवाजाचा आहे, मात्र वायरी आणि टायमिंग यांची तपासणी दोन्हींसाठी सारखीच असते.

काही वेळा ज्याला बॅकफायर समजले जाते तो आवाज इंजिनाच्या किंवा सायलेन्सरच्या तुटलेल्या रबरी माउंटिंगचा निघतो. पाय सोडताच इंजिन एका बाजूला झुकते आणि पाइप बॉडीवर आपटतो. हा आवाज पाय सोडताना एकदा आणि पुन्हा रेस देताना एकदा, असा मोजका व ठरावीक येतो. बॅकफायरचे फटके अनियमित असतात आणि वेग उतरेपर्यंत येत राहतात. इंजिन बंद व थंड असताना ते आणि सायलेन्सर हाताने हलवून पाहिले, की ही शंका फिटते.

चाचणीची फेरी

न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन सोडण्याने फारसे कळत नाही, कारण भार नसलेले इंजिन क्षणात आयडलवर येते आणि चाकांनी ओढले जाण्याची स्थिती निर्माणच होत नाही. त्यासाठी मोकळा, सरळ आणि मागे-पुढे वाहन नसलेला रस्ता हवा. शेजारी एक जण वही घेऊन बसला तर फार बरे. चालकाने केवळ गाडी चालवावी आणि दुसऱ्याने फटका केव्हा आला, तेव्हा कोणता गिअर होता, पाय कुठे होता आणि इंजिन गरम होते की थंड, एवढे लिहावे.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये साधारण ३००० आरपीएमपर्यंत वेग घ्यावा आणि पाय पूर्ण उचलावा. फटके येतात का ते ऐकावे. दुसऱ्या वेळी तेवढ्याच वेगावरून पाय उचलतानाच क्लचही दाबावा. क्लच दाबताच चाके आणि इंजिन यांचा संबंध तुटतो. पहिल्या वेळी आलेले फटके दुसऱ्या वेळी नाहीसे झाले, तर दोष वेग उतरतानाच्या स्थितीशी निगडित आहे, म्हणजे एग्झॉस्टची गळती, पातळ झालेले आयडल मिश्रण किंवा त्या स्थितीसाठी दिलेली एखादी झडप यांपैकी काहीतरी. तिसऱ्या वेळी पाय अगदी हळूहळू उचलावा. झटक्याने सोडल्यावर फटके आणि हळू सोडल्यावर शांतता, असे असेल तर भिंतींवरचे ओले पेट्रोल एकदम ओढले जात आहे असे समजावे.

त्यानंतर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून दाबून पिकअप घ्यावा. अशा भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. कमकुवत कॉइल (जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग), तडकलेली डिस्ट्रिब्युटर कॅप (ते व्होल्टेज प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागाचे झाकण) किंवा गळकी वायर याच वेळी हार मानते. भाराखाली अडखळत येणारा फटका हा बहुधा इग्निशनकडे (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेकडे) बोट दाखवतो. गिअर बदलताना प्रत्येक वेळी एकच फटका येत असेल, तर थ्रॉटलची केबल अडकून तो उशिरा बंद होतो का, किंवा क्लच दाबताना एक्सलरेटरवरचा पाय पूर्ण सुटतो का, हे पाहावे. सर्व वेगांवर, सर्व गिअरमध्ये आणि आयडलवरसुद्धा ठरावीक तालात ‘फुस्-फट्’ येत असेल, तर एकच सिलिंडर काम करत नाही असे धरून चालावे.

पहिली तपासणी: एग्झॉस्टची गळती

मी सुरुवात नेहमी इथून करतो, कारण ही तपासणी सोपी आहे आणि गळती दुरुस्त होईपर्यंत पुढच्या काही तपासण्या फसव्या ठरतात. एग्झॉस्टमधला दाब सतत एकसारखा नसतो. प्रत्येक धक्क्यानंतर तो क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि वेग उतरताना तर हे अधिकच होते. तेवढ्या वेळात सांध्यातून बाहेरची हवा आत खेचली जाते. गळती जितकी इंजिनाच्या जवळ, तितका तिचा परिणाम मोठा, कारण तिथे उष्णता सर्वाधिक असते. अगदी मागच्या सायलेन्सरला पडलेल्या भोकामुळे आवाज वाढतो, पण फटके येण्याचे ते कारण क्वचितच असते.

इंजिन रात्रभर थंड राहू द्यावे. सकाळी सुरू करताच मॅनिफोल्डजवळ कान द्यावा. गळती असेल तर ‘टिक-टिक’ असा टॅपेटसारखा (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागासारखा) आवाज येतो आणि धातू गरम होऊन फुगला की तो बऱ्याचदा कमी होतो. इंजिन थंड असतानाच हातमोजा घालून, जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड काही सेकंद अडवावे आणि साहाय्यकाने मॅनिफोल्डचा सांधा, खाली उतरणाऱ्या पाइपचा सांधा व पुढचे सर्व जोड यांच्याजवळ फुसफुस ऐकावी. सांध्यांवर साबणाचे पाणी मारले तर बुडबुडे दिसतात. काळ्या काजळीची पिसाऱ्यासारखी पसरलेली रेघ हाही गळतीचा पक्का पुरावा आहे. गॅस्केट बदलताना मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सरळ आहे का, हे पट्टी लावून पाहावे. वाकलेल्या मॅनिफोल्डवर नवे गॅस्केट फार दिवस टिकत नाही.

एग्झॉस्टमध्ये हवा सोडणारा पंप असलेल्या गाड्यांत आणखी एक जागा तपासावी लागते. धूर स्वच्छ करण्यासाठी हा पंप मॅनिफोल्डमध्ये हवा ढकलतो आणि पाय सोडल्यावर ती हवा काही क्षण दुसरीकडे वळवणारी एक झडप असते. ही झडप अडकली, की नेमक्या चुकीच्या वेळी पाइपात हवा मिळते. एग्झॉस्टकडे जाणारी हवेची नळी तात्पुरती बंद करून फेरी मारावी. फटके थांबले तर दोष त्या झडपेत आहे. झडप बदलून नळी पूर्ववत जोडावी.

दुसरी तपासणी: इग्निशन

या भागाला सर्वाधिक वेळ द्यावा. जुन्या गाडीत ज्या दोषांना लोक कार्बोरेटरचे दोष समजतात, त्यांतले बरेचसे डिस्ट्रिब्युटर आणि प्लग यांच्या दरम्यान सापडतात.

आधी कोणता सिलिंडर मिसिंग करतो ते शोधावे. प्लगची एकेक वायर ओढून पाहण्याची जुनी पद्धत इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत कॉइलला किंवा मॉड्यूलला घातक ठरू शकते. त्यापेक्षा एक साधी युक्ती आहे. थंड इंजिन सुरू करून मिनिटभर आयडलवर चालू द्यावे आणि ओल्या फडक्यातून एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर, सिलिंडर हेडच्या अगदी जवळ, पाण्याचा एकेक थेंब पाडावा. तीन फाट्यांवर थेंब चर्रकन उडून जातो आणि चौथ्यावर तसाच बसून राहतो किंवा सावकाश ओघळतो. ज्या फाट्यावर थेंब असा बसून राहतो, त्याच्या सिलिंडरमध्ये ज्वलन होत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल, तर हेच काम आकड्यांत होते.

आता सर्व प्लग काढावेत आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे कळेल अशा क्रमाने मांडून ठेवावेत. टोकावरचा फिकट तपकिरी रंग उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे दाट मिश्रण किंवा क्षीण ठिणगी. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ज्वलनच होत नाही. तेलकट काळा थर पिस्टन रिंगची किंवा व्हॉल्व्ह सीलची झीज सुचवतो. पांढरट, खरखरीत टोक पातळ मिश्रण दाखवते. चारही प्लग सारखेच काळे असतील तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या भागात आहे, आणि एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे. गाडी बराच वेळ आयडलवर चालवून काढलेले प्लग उगाच काळे दिसतात, म्हणून ते रस्त्यावरून फेरी मारून आल्यावर, इंजिन निवल्यावर काढावेत. फीलर गेजने फट मोजावी. पॉइंटच्या गाड्यांत (ज्यांत डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क स्पार्कची वेळ ठरवतात) ती साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते, मात्र अंतिम आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा.

डिस्ट्रिब्युटर कॅप आतून कोरड्या कापडाने पुसून उजेडात तिरपी धरून पाहावी. केसासारखी बारीक काळी रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलेली दिसली, तर ती ठिणगीने पाडलेली कार्बनची वाट आहे. ठिणगी तिच्यावरून चुकीच्या सिलिंडरकडे जाते आणि व्हॉल्व्ह उघडा असताना मिश्रण पेटवते. अशी कॅप घासून सुधारत नाही, बदलावीच लागते. मधला कार्बनचा ठिपका झिजला आहे का आणि रोटरचे टोक जळले आहे का, तेही पाहावे. वायरींसाठी अंधारातली तपासणी फार उपयोगी पडते: रात्री बॉनेट उघडून इंजिन आयडलवर ठेवावे आणि वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. गळक्या जागी निळसर ठिणग्या नाचताना दिसतात आणि बारीक कडकड ऐकू येते. मल्टिमीटरने मोजताना एखादी वायर अनंत ओहम दाखवत असेल तर ती आतून तुटलेली आहे.

वायरी योग्य सिलिंडरला जोडलेल्या आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. एका रांगेत चार सिलिंडर असलेल्या बहुतेक इंजिनांचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असतो, पण काही इंजिनांचा १-२-४-३ असतो, आणि रोटर कोणत्या दिशेने फिरतो हेही लक्षात घ्यावे लागते. नुकतेच प्लग बदलून झाल्यावर फटके सुरू झाले असतील, तर सर्वांत आधी हेच तपासावे.

पॉइंटच्या गाड्यांत पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.५ मिलिमीटर असते. कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबरचा भाग हळूहळू झिजतो, त्यामुळे फट कमी होत जाते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे सरकते. काहीच हात लावला नव्हता आणि गाडी हळूहळू फटके देऊ लागली, या तक्रारीमागे पुष्कळदा हीच झीज असते. आधी फट लावावी आणि मगच टायमिंग पाहावे, कारण फट बदलली की टायमिंग बदलतेच. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि त्यांचे पृष्ठभाग लवकर जळत असतील, तर कंडेन्सर बदलावा. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल, तर फट कितीही अचूक लावली तरी प्रत्येक सिलिंडरचा स्पार्क निरनिराळ्या वेळी पडतो.

टायमिंग लाइट एक नंबरच्या सिलिंडरच्या वायरीला लावावा, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि मॅन्युअलमधील आयडल वेगावर इंजिनावरची टायमिंगची खूण पाहावी. रेस वाढवताच खूण सुरळीत पुढे सरकली पाहिजे. ती जागची हलत नसेल किंवा अडखळत सरकत असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजने गंजून अडकली आहेत. नंतर हातपंपाने व्हॅक्यूम नळीत ओढ द्यावी. आतली प्लेट सरकून तशीच टिकली पाहिजे. ती लगेच परत आली तर डायफ्रॅम फाटला आहे. मागे पडलेल्या टायमिंगची बाहेरून दिसणारी खूण म्हणजे अंधारात लालसर दिसणारे एग्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि गाडीचा मंदावलेला पिकअप.

शेवटी इग्निशन स्विच, कॉइलची जोडणी आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी पाहावी. इंजिन चालू असताना चावी हलकेच हलवून आणि वायरींचे कनेक्टर हलवून पाहावेत. खड्ड्यातून जाताना येणारा एखादाच मोठा धडाका हा बहुधा क्षणभर तुटलेल्या जोडणीचा असतो.

तिसरी तपासणी: इंधन आणि हवा

इग्निशन निर्दोष ठरल्यावरच इकडे यावे. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरून पाहावा. इंजिन गरम असताना चोकची पाकळी पूर्ण उभी, म्हणजे उघडी असली पाहिजे. केबल पूर्ण आत जाऊनही पाकळी अर्धवट मिटलेली राहणे हा जुन्या गाडीतला फार सामान्य दोष आहे. पेट्रोलचा वास, काळा धूर आणि काळे प्लग ही तिन्ही एकत्र असतील, तर फ्लोटची पातळी व निडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये किती पेट्रोल साठेल ते ठरवणारे भाग) तपासावेत.

पातळ मिश्रणाचा शोध घेताना इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट, कार्बोरेटरचे बूड आणि ब्रेक सर्व्होकडे (व्हॅक्यूमच्या मदतीने ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या भागाकडे) जाणारी नळी यांवर लक्ष द्यावे. गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. मी ती नवख्यांना सुचवत नाही, कारण फटके मारणाऱ्या इंजिनाजवळ आगीचा धोका खराच असतो. साबणाचे पाणी मारून किंवा एकेक नळी चिमटीने दाबून आयडल बदलतो का, ते पाहावे. व्हॅक्यूम गेज असेल तर फारच उत्तम. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलवर साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याएवढा स्थिर व्हॅक्यूम दाखवते आणि दर ३०० मीटर उंचीला हा आकडा सुमारे १ इंचाने उतरतो. काटा खाली पण स्थिर असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग, आणि तो ठरावीक तालात झटके देत असेल तर एखाद्या व्हॉल्व्हचा दोष संभवतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे कार्बोरेटरचे मिश्रण किंचित पातळ होते आणि जुने रबरही खराब होते, म्हणून नळ्या बोटांनी वाकवून त्यांना भेगा पडल्या आहेत का ते पाहावे.

आता कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू. आधी तो हलकेच पूर्ण आत घेऊन किती फेरे बसले ते लिहून ठेवावे आणि पुन्हा तेवढाच बाहेर आणावा. गरम इंजिनावर पाव-पाव फेरा फिरवत, इंजिन सर्वांत वेगाने आणि सुरळीत चालेल अशा जागी तो ठेवावा आणि मग आयडलचा वेग मॅन्युअलप्रमाणे लावावा. वेग उतरताना येणारे फटके पातळ आयडल मिश्रणाचे असतील, तर एवढ्याने ते थांबतात. काही कार्बोरेटरवर थ्रॉटल हळू बंद करणारा डॅशपॉट असतो. पाय झटक्याने सोडल्यावरच फटके येणाऱ्या गाडीत तो काम करतो का, हे हाताने थ्रॉटल सोडून पाहावे.

इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांत पाय सोडल्यावर संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. थ्रॉटल बंद झाल्याची खबर सेन्सरने दिली नाही, किंवा इंजेक्टर बंद असतानाही गळत असेल, तर पेट्रोल जातच राहते. कूलंट तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली असेल, तर इंजिन कायम अतिथंड आहे असे संगणकाला वाटते आणि मिश्रण दाट होते. एग्झॉस्टच्या गळतीतून आलेली हवा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचली, की तो मिश्रण पातळ असल्याचे कळवतो, संगणक आणखी पेट्रोल सोडतो आणि फटके वाढतात. गळती आधी दुरुस्त करण्याचा आग्रह याचसाठी आहे.

चौथी तपासणी: व्हॉल्व्ह आणि कम्प्रेशन

वरील सर्व ठीक असूनही एकाच सिलिंडरचा ठरावीक फटका येत असेल, तर इंजिनाच्या आत पाहावे लागते. आधी टॅपेटची फट, म्हणजे टॅपेट आणि बंद व्हॉल्व्ह यांमधली मोकळी जागा, मोजावी. शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या इंजिनांत शिसेविरहित पेट्रोलवर एग्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट नाहीशी होते. मग तो पूर्ण बंद होत नाही आणि जळू लागतो. टॅपेटचा आवाज अचानक थांबणे हे शुभलक्षण नाही. अशा वेळी फट लगेच मोजावी.

कम्प्रेशन तपासताना इंजिन गरम, सर्व प्लग काढलेले, इग्निशन व पेट्रोल बंद आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असावा. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांहून अधिक नसावा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. लागूनच असलेले दोन सिलिंडर सारखेच कमी भरत असतील, तर त्यांच्यामधले गॅस्केट उडाले असण्याची शक्यता मोठी असते. सर्वच सिलिंडर कमी भरत असतील, तर टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात सरकली आहे का ते पाहावे. कॉम्प्रेसरची हवा भरून केलेल्या तपासणीत सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. हेड उघडण्याचे काम अनुभवी मेकॅनिककडे द्यावे आणि मोजलेले आकडे त्याच्या हाती द्यावेत.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर तीच फेरी, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगावरून मारावी. तीन भाग एकदम बदलले तर कोणता दोषी होता हे कळत नाही आणि दोष पुन्हा आला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो. काढलेले जुने पण चांगले प्लग आणि रोटर डिकीत ठेवावेत, पुढच्या वेळी तुलनेला कामी येतात.

गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल आणि ती बरेच दिवस मिसिंग करत चालवली गेली असेल, तर त्याचीही तपासणी करावी. त्याच्यात जळणाऱ्या पेट्रोलमुळे आतली जाळी वितळते आणि वाट बुजते. थंड असताना त्याच्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकावे. आत खुळखुळ वाजले तर जाळी फुटली आहे. फटके थांबले, आयडल सुरळीत झाला, पण जास्त वेगावर गाडी दम टाकते, अशी स्थिती असेल तर ही बुजलेली वाटच मोकळी करायची राहिली आहे. त्यासाठी व्हॅक्यूम गेज लावून इंजिन २५०० आरपीएमवर स्थिर धरावे. काटा जागच्या जागी राहण्याऐवजी हळूहळू खाली उतरत गेला, तर कन्व्हर्टर किंवा सायलेन्सर बदलावा लागेल.